मांस कुजविणारा रोग

शाळेच्या क्रीडांगणावर ज्याचा गुडघा कधीं फुटला नाहीं असा विद्यार्थी विरळाच. खरचटलें, धुतलें, खपली धरली, की आपण तें विसरतों. आणि जवळजवळ नेहमींच तसें विसरणें योग्यही असतें. ज्या रोगाविषयीं आम्ही येथें लिहीत आहोंत तो फार क्वचित् होतो. परंतु होतो तेव्हां त्याचा आरंभ अशाच एखाद्या क्षुल्लक ओरखड्यापासून अथवा कीटकदंशापासून होतो. कधीं कधीं तर शोधूनही जखम सांपडत नाहीं.

वर्तमानपत्रें या रोगाच्या जंतूंस ‘मांसभक्षक’ म्हणतात. नांव भयंकर आहे, पण यथार्थ नाहीं. जंतु मांस खात नाहींत. त्वचेखालीं चरबी व तिच्याखालीं स्नायूंस लपेटणारा एक पातळ, चिवट पडदा असतो. ज्यांच्यामुळें आपला घसा सुजतो तेच स्ट्रेप्टोकोकस जंतु कधीं या पडद्याच्या वाटेनें पसरतात. त्यांच्या विषानें सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त गोठतें, आणि रक्तावांचून राहिलेला भाग कुजूं लागतो. मधुमेही मनुष्याच्या शरीरांत हेंच काम अनेक जातींचे जंतु मिळून करतात.

हा सर्व नाश खालीं चालूं असतां वरची त्वचा पुष्कळ वेळ जवळजवळ निरोगी दिसते. फार तर थोडी लाली व सूज असते. साधें धावरें आहे असें वाटतें. परंतु रोगी वेदनेनें तळमळत असतो. डोळ्यांस दिसतें थोडें आणि दुखतें फार, हीच या रोगाची पहिली व सर्वांत महत्त्वाची खूण होय. त्याबरोबर ताप येतो, नाडी जलद चालते, सूज लालीच्या पलीकडे जाते आणि जागा हातास टणक लागते. कांहीं तासांतच त्वचा चकाकते, जांभळी पडते, काळसर पाण्याचे फोड येतात. मग एकाएकीं दुखणें थांबतें. घरच्या माणसांस वाटतें, उतार पडला. वस्तुतः तेथील मज्जातंतु मेलेले असतात.

हा रोग नवा नव्हे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत लष्करी रुग्णालयांतून पसरलेल्या अशा कोथाच्या २,६४२ रोग्यांची हकीकत जोसेफ जोन्स या वैद्यानें १८७१ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं शेंकडा ४६ दगावले होते. १९२४ सालीं पेकिंग येथील डॉ. फ्रँक मेलनी यांनीं आपले २० रोगी वर्णिले. तेव्हां पेनिसिलिन नव्हतें. फ्लेमिंग यांस तें १९२८ सालीं सांपडावयाचें होतें. तरी मेलनींच्या दर पांच रोग्यांतले चार वांचले, आणि याचें मोठें श्रेय त्वरित चालविलेल्या शस्त्रास आहे.

आजही खरा उपाय तोच. शिरेंतून पेनिसिलिन, जंतूंची विषोत्पत्ति थांबविणारें क्लिंडामायसिन व इतर औषधें तत्काळ देतात. परंतु जेथें रक्त पोंचत नाहीं तेथें रक्तांतून जाणारें औषध तरी कसें पोंचणार? शंका बळावली की तपासणीच्या उत्तराची वाट न पाहतां शल्यवैद्य छेद घेतो. आंत घट्ट पू नसून तांदळाच्या धुवणासारखें पाणी निघतें, आणि एरवीं चिकटून असणारे थर बोटानें सहज सुटतात. मेलेला भाग सगळा काढावा लागतो, व चोवीस तासांच्या आंत पुन्हां उघडून पाहावें लागतें.

घरीं काय करावें? पोटीस बांधूं नये, शेकूं नये, वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट पाहूं नये. लालीच्या कडेनें शाईची रेघ ओढून वेळ लिहावी. पण रेघ ओलांडली जाते कीं काय हें पाहात घरीं बसूं नये, शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें.

पदार्थविज्ञानाचें २००१ सालचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांपैकीं एक, एरिक कॉर्नेल, यांस २००४ सालीं हा रोग झाला. प्राण वांचविण्यासाठीं त्यांचा डावा हात खांद्यासह काढावा लागला. पुढच्या वर्षीं ते आपल्या प्रयोगशाळेंत परत आले.