गट 'ओ', तरी 'ओ'चे रक्त चालत नाही!

नागपूर-विदर्भात सिकलसेलचे रुग्ण असलेली घरे पुष्कळ आहेत. अशा घरांत रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ वारंवार होते. त्या वेळी "ओ गट कोणालाही चालतो" असे आपण सहज म्हणतो. ते नेहमीच खरे नसते.

रक्तगट कसा ठरतो?

तांबड्या पेशींच्या आवरणावर शर्करेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज ही शर्करा जोडली गेली की 'एच' प्रतिजन तयार होतो. हा झाला पाया. त्यावर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा बसली तर 'ए' गट, गॅलॅक्टोज बसली तर 'बी', दोन्ही प्रकार असतील तर 'एबी'. काहीच न बसता नुसता 'एच' राहिला तर 'ओ'. हे जोडकाम विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात; ती आईवडिलांकडून आलेल्या जनुकांनुसार बनतात.

बॉम्बे रक्तगट

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी पेशींवर 'एच'सुद्धा नसलेल्या व्यक्तींची नोंद केली. पायाच नाही, म्हणून 'ए' किंवा 'बी'चे जनुक असूनही शर्करा बसायला जागा नसते. हा आजार नव्हे. अशी व्यक्ती निरोगी असते. भारतात साधारण १०,००० जणांत एकाचा हा गट असतो.

नेहमीच्या तपासणीत हा गट 'ओ' दिसतो. धोका तिथेच आहे. या व्यक्तींच्या रक्तद्रवात 'एच'विरुद्ध प्रतिद्रव्य असते, आणि 'ओ'च्या पेशींवर 'एच' भरपूर! ते रक्त चढवल्यास पेशी फुटतात, मूत्रपिंडांना इजा होते, जीवही जाऊ शकतो. त्यांना बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

हे लक्षात ठेवा

• रक्त चढवण्यापूर्वी क्रॉस मॅचिंग झाले का, हे विचारा. गट माहीत असला तरी घाईत ते टाळण्याचा आग्रह धरू नका.

• 'ओ'ची एकही पिशवी जुळत नसेल तर 'एच' तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

• घरात कोणाचा बॉम्बे गट निघाल्यास सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा. प्रत्येकाचा तोच गट असण्याची शक्यता साधारण चारात एक असते.

• वारंवार रक्त घेणाऱ्या सिकलसेल रुग्णात इतर प्रतिजनांविरुद्धही प्रतिद्रव्ये बनू शकतात. म्हणून मागची सर्व कागदपत्रे रक्तपेढीत सोबत न्या.