घरबसल्या कमाई : हक्क कोणाचा?

जवळा बाजारच्या परिसरात हळदीची काढणी संपली की मजुरी रोडावते. अशा वेळी घरातील भगिनी शिलाई मशीन चालविते, हळद दळून पुड्या बांधते आणि चार पैसे जोडते. ते पैसे कोणाचे?

पवित्र कुरआनने पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा सांगितला आहे (सूरह अन्-निसा, ४:३२). म्हणून ती कमाई तिचीच आहे. घरखर्चाची जबाबदारी शरीअतने पतीवर ठेवली आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) हलाखीत होते. त्यांच्या पत्नी हजरत जैनब (रजि.) पतीवर व आश्रयातील अनाथ मुलांवर खर्च करीत. हा खर्च सदका ठरेल काय, असे त्यांनी हजरत बिलाल (रजि.) यांच्यामार्फत विचारले. प्रेषित (स.) यांनी दुहेरी अज्र सांगितला : एक नात्याचा, दुसरा सदक्याचा (सहीह बुखारी).

सदका हिसकावून घेता येत नाही. बंधूंनो, पत्नीच्या डब्यातील पैसे न विचारता उचलू नका. उसने घेतले असतील तर फेडा. भगिनींनो, द्याल ते खुशीने द्या. उपकार बोलून दाखविल्याने सदका वाया जातो (२:२६४).

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.