भरतीच्या पोरांचा खुराक: डब्याच्या वर किती खर्च येतो?

जालना एमआयडीसीतल्या भट्टीवर किंवा रोलिंग मिलमध्ये पाळी करायची आणि उरलेल्या वेळात पोलीस भरतीचं ग्राऊंड मारायचं, अशा पोरापोरींसाठी हा हिशेब आहे. मैदानी चाचणीचे गुण 50. त्यांतले 20 मोठ्या धावेला: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. बाकीचे 100 मीटर आणि गोळाफेकीला. या गुणांपायी पगार झाला की आधी पावडरचा डबा घरात येतो आणि भाजीवाल्याची उधारी तशीच राहते.

आधी गरज किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. कसून सराव करणाऱ्याला साधारण दीडपट ते दुप्पट धरा. म्हणजे 60 किलोच्या पोराला 85-90 ग्रॅम. आता डबा उघडा. दिवसभरात ज्वारीच्या चार मोठ्या भाकरी, वाटीभर वरण आणि भात एवढं पोटात गेलं तर पन्नासेक ग्रॅम तिथंच झाले. भाकरीला कुणी खुराक म्हणत नाही, पण डब्यातलं निम्म्याहून जास्त काम तीच करते. तूट उरली चाळीस ग्रॅमची.

ही तूट कशाने भरायची, यावर खर्च ठरतो. पुढचे भाव किरकोळ दुकानातले आणि ढोबळ आहेत. तुमच्या किराणावाल्याचा आकडा घालून पुन्हा मांडा. सोयाबीनच्या वड्या 150 रुपये किलो धरल्या तर दहा ग्रॅम प्रथिनं तीन रुपयांत मिळतात. शेंगदाणे, फुटाणे, तूरडाळ सहा-सात रुपयांत. अंडं सात रुपयांचं धरलं तर बारा रुपयांत. चिकन हाडांसकट घेतो, म्हणून ते पंधराच्या पुढे जातं. दूध आणि पनीर वीसच्या आसपास. पावडर तीस ते चाळीस रुपये. बदामही तेवढ्यालाच पडतात, तरी पैलवानाच्या घरी बदाम भिजत घालायची हौस काही जात नाही. हौस म्हणून खा, प्रथिनांसाठी नको.

रोजची मांडणी अशी: मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम सोयाबीन वड्या रश्श्यात, दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे आणि पाव लिटर दूध. तूट भरली, खर्च चाळिसाच्या आत. वर दोन केळी, एक लिंबू, गुळाचा खडा धरला तरी दिवसाला पंचावन्न रुपये, महिन्याला सोळा-सतराशे. अंडी न खाणाऱ्याने त्या जागी मटकीची उसळ आणि फुटाणे वाढवावेत. खर्च उलट कमीच होतो. हीच चाळीस ग्रॅमची तूट पावडरने भरायची तर किलोचा डबा अठरा दिवसांत संपतो आणि महिन्याला चार-पाच हजार जातात. तरीही घ्यायचीच असेल तर पक्क्या बिलावर घ्या आणि डब्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आहे का ते पाहा. सुट्ट्या पिशवीतली पावडर आणि ‘स्टॅमिना वाढवणारं’ इंजेक्शन कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पैशांपेक्षा जास्त घोळ वेळेचा होतो. पहाटे उपाशीपोटी ग्राऊंड, तिथून थेट सकाळच्या पाळीला, टपरीवर दोन चहा आणि पहिला घास थेट जेवणाच्या सुट्टीत. असं चाललं तर कितीही भारी खुराक वाया जातो. धावण्याआधी अर्धा तास केळं किंवा गूळ, धावून आल्यावर तासाभरात अंडी-भाकरी किंवा दूध-पोहे. अंडी रात्रीच उकडून ठेवा. रात्रपाळी करून आलात तर आधी झोप, मग सराव.

मेस लावली असेल तर महिन्याच्या पैशांवर घासाघीस करण्यापेक्षा वरण पातळ नको, एवढं ठरवून घ्या. कारखान्यात कॅन्टीन आहे का, हेही विचारा. जुन्या कारखाने कायद्यात 250 हून जास्त कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीनची अट होती, 2020 च्या कामगार संहितेत तो आकडा 100 वर आला आणि त्यात ठेकेदाराचे कामगारही धरले आहेत.

भट्टीजवळ आठ तास काढणाऱ्याचा घाम हा वेगळा खर्च आहे, पण तो स्वस्तात भागतो. पाळीआधी आणि पाळीनंतर काट्यावर उभे राहा. किलोभर वजन उतरलं तर साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी भरून काढायचं आहे, तेही एका दमात नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. पाच-सात रुपयांत काम होतं. औषधाच्या दुकानातलं ओआरएसचं पाकीट वीसेक रुपयांना लिटरभर होतं. रंगीत बाटलीच्या मागे लागू नका. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना ओआरएस हे नाव लावायला ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई झाली, ती उगाच नाही.

मुलींनी आधी रक्त तपासावं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं आहे, आणि हिमोग्लोबिन कमी असताना 800 मीटरची वेळ कितीही रेटली तरी खाली येत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे खासगी लॅबचे पैसे वाचवा. बाजरी, हरभरा, अळीव, पालेभाजी ताटात असू द्या आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. मोसंबी मात्र जेवणासोबत खा, तिच्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे; बहराच्या दिवसांत ती गाड्यावर स्वस्त असते. रस काढून गाळण्यापेक्षा फोडी खाल्लेल्या बऱ्या.

चाचणीच्या दिवशी नवा पदार्थ, नवी पावडर, उधारीचं एनर्जी ड्रिंक काहीच नको. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, उन्हात ताटकळावं लागतं. पिशवीत दोन केळी, गूळ-शेंगदाणे आणि साखर-मिठाच्या पाण्याची बाटली ठेवा. या सगळ्याला तीस रुपये पुरतात.