हातातील संगणक : शक्ती, काटकसर आणि विवेक



'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. घरखर्चाच्या संदर्भात जन्मलेली ही म्हण एका अत्याधुनिक यंत्रालाही तंतोतंत लागू पडते, असे म्हटले तर काहींना नवल वाटेल. ते यंत्र म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळावयाचा संगणक, अर्थात हँडहेल्ड गेमिंग पीसी. चवथीच्या सुट्टीत आखातातून किंवा मुंबई-पुण्याहून घरी आलेल्या एखाद्या दादाच्या हाती तो दिसतो, आणि माटोळीखाली जमलेली मुले त्याच्याभोवती गोळा होतात. परंतु हे यंत्र चालते कसे व त्याचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा, याचा विचार फार थोडे करतात. तोच विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम या यंत्राचे स्वरूप पाहू. हे केवळ खेळणे नव्हे. तो सर्वांगांनी पूर्ण असा संगणक आहे. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत 'स्टीम डेक' विक्रीस आणला. त्याची स्क्रीन ७ इंचांची, बॅटरी ४० वॅट-तासांची आणि कार्यप्रणाली लिनक्सवर आधारलेली होती. २०२३ साली एसस कंपनीचा 'आरओजी ॲलाय' आला. त्याची बॅटरीही ४० वॅट-तासांचीच, पण कार्यप्रणाली विंडोज. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तो भारतात आला, तेव्हा त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. मध्यम स्थितीतील कुटुंबास ही रक्कम लहान नव्हे. म्हणूनच असे यंत्र घरात असेल तर त्याचे चीज करणे, आणि नसेल तर ते घ्यावे की नाही हे समजून ठरविणे, या दोन्ही गोष्टींसाठी थोडे ज्ञान हवे.

आता गणिताकडे वळू. वॅट म्हणजे शक्ती खर्च होण्याचा वेग आणि वॅट-तास म्हणजे शक्तीचा साठा. साठ्यास खर्चाच्या वेगाने भागले की यंत्र किती तास चालेल ते कळते. ॲलाय बाजारात आला तेव्हा त्याच्या चिपसाठी १०, १५ व २५ वॅट असे तीन टप्पे दिलेले होते. स्क्रीन, स्मृती, पंखा इत्यादींसाठी आणखी ७ वॅट लागतात असे उदाहरणापुरते धरू. म्हणजे एकूण खर्च १७, २२ आणि ३२ वॅट झाला. ४० ला या आकड्यांनी भागले असता अनुक्रमे सुमारे २ तास २१ मिनिटे, १ तास ४९ मिनिटे आणि १ तास १५ मिनिटे अशी उत्तरे येतात. प्राथमिक शाळेतील भागाकाराने एवढे उलगडते!

यावर कोणी म्हणेल, "वेळ कमी झाला तरी हरकत नाही, अडीचपट शक्ती दिली तर खेळही अडीचपट वेगाने चालेल ना?" येथेच खरी गोम आहे. चिपचा वेग वाढवावयाचा तर तिला दिलेला विद्युत्‌दाबही वाढवावा लागतो, आणि शक्तीचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वरच्या टप्प्यांवर शक्ती पुष्कळ जाते आणि पदरात थोडे पडते. पेडण्याच्या गावोगावी पूर्वी दहीकाल्याच्या रात्री दशावतारी नाटके पेट्रोमॅक्सच्या बत्तीवर चालत. बत्तीत हवा भरपूर मारली की उजेड वाढे, पण रॉकेलही भरभर संपे. नाटक पहाटेपर्यंत चालावयाचे आहे हे जाणणारा मनुष्य सुरुवातीसच सगळी हवा मारीत नसे. हातातील संगणकाचेही तसेच आहे.

दुसरा मुद्दा फ्रेमचा. पडद्यावरील हालचाल म्हणजे वस्तुतः एकामागून एक झळकणारी स्थिर चित्रे. त्या प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची तर एका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांसाठी ३३.३ मिलिसेकंद. आता ४० चित्रांचा हिशेब करून पाहा : बरोबर २५ मिलिसेकंद, म्हणजे १६.७ आणि ३३.३ यांच्या अगदी मध्यावरचा आकडा. चित्रांची संख्या ३० वरून १० नेच वाढली, पण वाट पाहण्याचा काळ ६० कडे जाण्याच्या निम्म्या वाटेवर आला. म्हणून ३० जड वाटणारा खेळ ४० वर पुष्कळच सुसह्य होतो, आणि ६० च्या मानाने शक्तीही वाचते. मात्र स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होत असेल तर ४० चित्रे तिच्यात सारखी बसत नाहीत. एक चित्र थोडा वेळ व दुसरे दुप्पट वेळ राहते आणि हालचाल अडखळते. यासाठी स्टीम डेकच्या पहिल्या आवृत्तीत स्क्रीनचा वेगही ४० वर आणण्याची सोय ठेवलेली आहे. दोन्ही आकडे जुळले की काम झाले.

तिसरा मुद्दा चित्रातील ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके. पहिली संख्या दुसरीच्या सव्वादोन पट आहे. ७ इंचांच्या लहानशा स्क्रीनवर हा फरक भिंतीवरील दूरदर्शन संचाइतका डोळ्यांत भरत नाही, पण चिपचे ओझे मात्र निश्चितच हलके होते. ज्याप्रमाणे पोस्टाच्या तिकिटावरील चित्र कोणी भिंतीएवढ्या बारकाईने रंगवीत नाही, तद्वत् लहान पडद्यास बेताचा तपशील पुरे. सावल्या, प्रतिबिंबे, दूरचे गवत यांचा दर्जा एकेक पायरी उतरविला तर पाहणाऱ्यास क्वचितच जाणवते.

हे सारे बदल करताना शास्त्राचा एक नियम पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वहीत चार रकाने आखावेत—काय बदलले, सेकंदाला किती चित्रे मिळाली, किती वॅट खर्च झाले आणि डोळ्यांस काय वाटले. खेळातील तोच प्रसंग, पडद्याचा तोच प्रकाश ठेवून नोंदी कराव्यात. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला व दोष कशाने, हे कधीच कळत नाही. प्रयोगशाळेत आपण जे शिकतो ते हेच.

आता आपल्या मुलखाची हवा. चिप जितकी शक्ती घेते तितकी जवळजवळ सारी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. पंखा मागून हवा ओढतो व वरच्या फटींतून सोडतो. म्हणून यंत्र उशीवर किंवा गोधडीवर टेकवून खेळणे म्हणजे त्याचे नाक दाबणे होय. हवा अडली की चिप स्वतःस वाचविण्यासाठी वेग कमी करते, आणि मुलाला वाटते, खेळच बिघडला! डिचोलीच्या खाणपट्ट्यातील तांबडी धूळ, हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावरील वाळू व खारी हवा यांपासून यंत्र जपावे. जाळीवरची धूळ मऊ ब्रशाने काढावी. पावसाळ्यात एअर कंडिशनरच्या थंड खोलीतून दमट हवेत आणलेल्या यंत्रावर दव धरते. म्हणून ते पिशवीतच काही वेळ राहू द्यावे व मग उघडावे.

बॅटरीसही उष्णतेचेच भय अधिक. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत यंत्र कदापि ठेवू नये. ते नेहमी तारेला जोडूनच वापरावयाचे असेल, तर पुष्कळ यंत्रांत ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय असते, ती लावावी. परीक्षेच्या दिवसांत महिना-दोन महिने कपाटात ठेवावयाचे झाल्यास निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. डेकसोबत ४५ वॅटचा व ॲलायसोबत ६५ वॅटचा चार्जर येतो. मोबाइलचा साधा चार्जर येथे अपुरा पडतो. मोपाच्या विमानतळावरून प्रवास करणाऱ्यांनी पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी, हेही ध्यानात असू द्यावे.

काटकसर म्हणजे दुबळेपणा, असा समज असेल तर इतिहास पाहावा. १९८९ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'गेम बॉय' काढला. त्याचा पडदा रंगहीन, त्यास आतून प्रकाशही नव्हता. पण चार सेलांवर तो दहा तासांहून अधिक चाले. पुढील वर्षी सेगा कंपनीने रंगीत, उजळ पडद्याचा 'गेम गिअर' आणला. तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवी. दिसण्यात गेम गिअर सरस होता, परंतु जगभर घरोघरी पोहोचला तो गेम बॉय. गेम बॉयमागील कल्पक तंत्रज्ञ गुनपेई योकोई यांची श्रद्धा अशी होती की, जुने, स्वस्त व मुरलेले तंत्रच नव्या कल्पनेने वापरावे. ही दृष्टी आपण सर्वांनी घेण्याजोगी आहे.

सर्वांत मोठा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. या संगणकास एक लहानसा डॉक, कळफलक, माउस आणि घरातील दूरदर्शन संच जोडला की तो अभ्यासाच्या टेबलावरचा संगणक होतो. त्यावर देवनागरीत निबंध लिहिता येतो, हिशेबाचे तक्ते मांडता येतात, प्रोग्रॅमिंग शिकता येते. गोव्याच्या शाळांत २०२१ च्या 'केअर्स' योजनेतून कोडिंग व रोबोटिक्सचे शिक्षण आले. तेथे गिरविलेला धडा घरी पुढे नेण्यास हे यंत्र उत्तम. मग सत्तर हजारांचे यंत्र दिवसातून तासभर खेळापुरते वापरणे म्हणजे बारमाही विहिरीतून केवळ पाय धुण्यापुरते पाणी काढणे नव्हे काय? दुसऱ्याने रचलेला खेळ खेळता खेळता 'असा खेळ मला रचता येईल का?' हा प्रश्न ज्या मुलास पडला, त्याने यंत्राची किंमत वसूल केली असे समजावे.

ज्यांच्या घरी असे यंत्र नाही त्यांनी मुळीच खंत करू नये. वर सांगितलेले सर्व नियम जुन्या लॅपटॉपला व मोबाइललाही लागू आहेत. पालकांसही एक विनंती : यंत्र घेऊन देण्यापूर्वी मुलास हा भागाकार करावयास सांगावा, आणि खेळाचा काळ त्याच्याशी बोलून ठरवावा. कारण बॅटरी संपली तर दोन तासांत पुन्हा भरता येते. विद्यार्थिदशेतील वर्षे मात्र एकदाच मिळतात. आपल्यापाशी साठा किती, खर्च कशावर करावयाचा आणि कोठे थांबावयाचे, हे ज्यास उमगले, त्याने यंत्राबरोबरच स्वतःवरही प्रभुत्व मिळविले.