ओटीपी मी दिला नव्हता

सुरुवातीलाच सांगते. मी कुणालाही ओटीपी सांगितला नाही, कुठल्या लिंकला हात लावला नाही, कुणाच्या सांगण्यावरून कसलं अ‍ॅप घेतलं नाही. तरीही माझ्या पेन्शनच्या खात्यातून पावणेदोन लाख रुपये गेले. त्यानंतर ज्या ज्या टेबलापुढे मी उभी राहिले, तिथे पहिला प्रश्न एकच होता, "ओटीपी कुणाला सांगितला होता का?" नाही म्हटलं की पुढचं वाक्यही ठरलेलं, "नीट आठवून बघा, या वयात होतं असं." मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. कुठल्या दिवशी कुणाशी काय बोलले, हे मला नीट आठवतं. हा लेख लिहिण्याचं निम्मं कारण तेच आहे.

सांगलीत आम्ही दोघंच असतो. मुलगी मस्कतला. ह्यांची बायपास झालेली आहे. घरातला सगळा व्यवहार माझ्या एका नंबरवर चालतो. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्यावर, वीजबिल त्यावर, ह्यांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट त्यावर, डॉक्टरांची वेळ त्यावर. गॅसची टाकी आली की आधी कोड सांगायचा, मगच माणूस टाकी उतरवणार. नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही आता फोनपुढे चेहरा धरून देता येतो. लोक म्हणतात म्हाताऱ्यांना मोबाइलचं वेड लागलंय. आम्ही वेडापायी नंबर दिला नाही. बँकेने मागितला, गॅस एजन्सीने मागितला, दवाखान्याने मागितला, म्हणून दिला. खुद्द रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय की ज्याने मोबाइल नंबर दिला नाही त्याला एटीएममधून पैसे काढण्यापलीकडे इलेक्ट्रॉनिक सुविधा देऊ नयेत. मग त्या नंबरचं काही झालं तर दोष नंबर देणाऱ्याचा कसा?

शुक्रवारी संध्याकाळी फोनची रेंज गेली. पावसाचे दिवस, मला वाटलं टॉवर गेला असेल. रात्री शेजारच्या वहिनींना विचारलं, त्यांचं सिम त्याच कंपनीचं आणि रेंज पूर्ण. म्हणजे टॉवर ठीक होता. शनिवारी सकाळी दार उघडायच्या वेळेलाच मी कंपनीच्या गॅलरीत हजर. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेतला, बंद केला, चालू केला, आणि म्हणाला, "आज्जी, टॉवरचं काम चालू आहे. संध्याकाळपर्यंत येईल." मी सांगितलं की शेजारी रेंज आहे, माझ्याच फोनला नाही, जरा कॉम्प्युटरवर बघ. त्याने बघितलं नाही. मागे दोन तरुण मुलं नवीन फोनसाठी थांबली होती, त्यांच्याकडे वळला.

हे मी इतकं सविस्तर का लिहिते ते सांगते. आदल्या संध्याकाळी माझ्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याच जिल्ह्यातल्या दुकानातून निघालं होतं. नवं सिम चालू झालं की जुनं आपोआप मरतं, म्हणून माझी रेंज गेली. दूरसंचार खात्याचा नियम असा आहे की सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, त्यावरून जातही नाहीत. खऱ्या मालकाला जाग येऊन त्याने ओरड करावी, एवढ्यासाठीच ते २४ तास ठेवलेत. मला जाग आली होती. मी ओरडही केली, त्या २४ तासांच्या आत, कंपनीच्याच काउंटरवर. त्या मुलाने माझा नंबर स्क्रीनवर टाकला असता तर काल सिम बदललंय हे त्याला लगेच दिसलं असतं. मुदत शनिवारी संध्याकाळी संपली आणि पैसे शनिवारी रात्री गेले.

रविवारी गॅलरी बंद. त्याच दिवशी गॅसवाला आला. कोड माझ्या फोनवर येणार कसा? टाकी परत घेऊन गेला. ह्यांचं औषध संपत आलं होतं, ते वहिनींच्या मुलाकडून मागवलं. मुलगी मस्कतहून फोन लावत होती, तो लागत नव्हता. शेवटी तिने वहिनींना फोन केला तेव्हा ती रडत होती, तिला वाटलं बाबांचं काही झालं. तोपर्यंत पैशांचं मला काहीच माहीत नव्हतं. मेसेज येतच होते, पण चोराच्या हातात.

सोमवारी सिमच्या कामाला निघाले तेव्हा पासबुकही बरोबर घेतलं. पेन्शन जमा झाली का ते बघायचं होतं. बँकेच्या दारातच पासबुक भरायचं मशीन आहे. त्यात पासबुक घातलं. नेहमी दोन-चार ओळी छापून बाहेर येतं, या वेळी छापत राहिलं. हातात घेतलं तेव्हा शिल्लक चार आकडी होती. वर एकापाठोपाठ एक रकमा, सगळ्या शनिवार रात्रीच्या, नावं अनोळखी. शाळेत एखाद्या मुलाचं गणित चुकलं की मी पहिली चुकीची पायरी शोधायची. तिथे उभ्या उभ्या तेच केलं. शनिवारी रात्री माझा फोन मेलेला होता. फोन कधी मेला? शुक्रवारी. मग हा व्यवहार कुणाच्या फोनवर झाला? आणि मला कळलं. गुडघ्यातलं बळ गेलं, पण डोकं चालू होतं.

आत अधिकाऱ्यांपुढे पासबुक ठेवलं. त्यांनी एकदा बघितलं आणि भरल्या बँकेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, ओटीपीशिवाय पैसे जात नाहीत. तुम्हीच सांगितला असणार." मी म्हणाले, "साहेब, ज्या फोनला शुक्रवारपासून रेंजच नाही, त्या फोनवर आलेला ओटीपी मी सांगणार कसा?" त्यावर उत्तर आलं नाही. त्यांनी हेल्पलाइनचा नंबर लिहिलेला कागद पुढे सरकवला. ती हेल्पलाइन म्हणे नोंदणी केलेल्या मोबाइलवरूनच लावा. तो मोबाइलच चोरला गेलाय असं मी सांगत होते! नेटबँकिंग मी आजवर उघडलेलंही नव्हतं. ते माझ्या नावाने त्याच रात्री सुरू झालं होतं, त्यात नवे लाभार्थी जोडले गेले होते, आणि तासाभरात खातं रिकामं. ही सगळी नोंद त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये होती. ती बघण्याऐवजी ते माझ्या केसांकडे बघत होते.

गॅलरीतही दुपारी तेच. शनिवारी "टॉवर" म्हणणारा मुलगा आता म्हणाला, तुमच्या आधारवरच सिम दिलं गेलंय, म्हणजे तुमच्याच माहितीतलं कुणीतरी असणार. मला नवं सिम मिळालं, पण त्यावरही पुन्हा २४ तास मेसेज नाहीत. नियम माझ्यासाठी अगदी काटेकोर पाळला गेला.

आता जे शिकले ते लिहिते.

घरात तुमच्या एकट्याच्या फोनची रेंज गेली आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला असली, तर वाट बघू नका. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा, आणि प्रश्न हाच विचारा: "या नंबरवर नवं सिम निघालंय का? कधी, कुठून?" रेंज का नाही असं विचारलंत तर टॉवरचं उत्तर मिळेल. सिम निघालं असेल तर नंबर बंद करायला सांगा आणि लगेच बँकेला खातं गोठवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० लावा. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे, कुठल्याही फोनवरून लागतो. जितक्या लवकर लावाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकण्याची शक्यता जास्त. यासाठी खाते नंबर, बँकेची हेल्पलाइन, मुलांचे नंबर कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फोनमध्ये असून काय उपयोग?

बँकेत तोंडी बोलून बाहेर पडू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख आणि वेळ घाला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. मला दोनदा सांगितलं गेलं की पोच देता येत नाही. मी खुर्चीवरून उठले नाही, तेव्हा मिळाली. पुढे सगळं त्या शिक्क्यावरच उभं राहिलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्याची प्रत माझ्या पिशवीत आता कायम असते. त्यात लिहिलंय की चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल, मधल्या व्यवस्थेत कुठेतरी असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. चूक बँकेचीच असेल तर कळवलं नाही तरी शून्य. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची. तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. म्हणजे "ओटीपी दिला नाही" हे मला सिद्ध करायचं नव्हतं, "दिला" हे त्यांना करायचं होतं. त्या अधिकाऱ्यांना हे माहीत नव्हतं, की माहीत असून ते बोलले नाहीत, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दोन्ही वाईटच.

बँकेने लेखी नकार दिला, "ग्राहकाचा निष्काळजीपणा". मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. बँकेने तक्रार नाकारली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर तिथे जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही. १४४४८ वर माहिती मिळते. मी फक्त तारखा आणि वेळा लिहिल्या: रेंज गेली ती वेळ, सिम निघालं ती वेळ, नेटबँकिंग सुरू झालं ती वेळ, पैसे गेले ती वेळ. एकाखाली एक. विशेषणं वापरली नाहीत. पैसे परत आले. बँकेकडून दिलगिरीचा एक शब्द आला नाही.

बाकीची काळजी थोडक्यात. वापरत नसाल तर नेटबँकिंग आणि कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेला लेखी सांगून बंद करा. मुदत ठेव ऑनलाइन मोडता येणार नाही अशी व्यवस्था आहे का ते विचारा. आमच्या ठेवी वाचल्या त्या दुसऱ्या शाखेत होत्या म्हणून. बँकेत ईमेल नोंदवा, मुलामुलीचा चालेल, म्हणजे मेसेज चोराकडे गेला तरी ईमेल घरी येईल. आधारची झेरॉक्स देताना त्यावर कारण आणि तारीख लिहून सही करा, आणि आधारचे बोटांचे ठसे लॉक करून ठेवा. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात, त्यामुळे दहावं निघेपर्यंत कुणी आपल्याला विचारायला येत नाही. आपणच बघायचं. व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पिन लावा. पासवर्ड कुणाला सांगू नका, हे तर सगळेच सांगतात.

नंबर जिवंत ठेवा, हेही जोडते. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. मुलाकडे परदेशी सहा महिने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बँक त्याच नंबरला जोडलेली असते. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक ठेवणं सक्तीचं केलं, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला मुभा दिली. दुकानदार तो आपणहून दाखवत नाही. नाव घेऊन मागा.

मुलांना आणि नातवंडांना एक विनंती. आईवडिलांचे पैसे गेल्याचा फोन आला तर "तू काय दाबलंस?" हा पहिला प्रश्न विचारू नका. माझ्या मुलीने विचारला. तिला नंतर वाईट वाटलं, मी ते मनातून काढलंही आहे, पण त्या क्षणी माझ्या बाजूने बोलणारा घरात फक्त एक आजारी माणूस होता. पहिला प्रश्न "किती वाजता?" हा असू द्या. दुसरा, "कळवलंस का?" माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघींचे पैसे असेच गेलेत आणि त्यांनी घरी सांगितलंच नाही. फोन हातातून काढून घेतील या भीतीने.

कंपनीविरुद्ध मी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या आयटी सचिवांकडे अर्ज केला आहे. पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. माझी मागणी छोटी आहे: शनिवारी सकाळी माझा नंबर स्क्रीनवर का टाकला नाही, याचं लेखी उत्तर. तारीख लागली की मी मुंबईला जाणार आहे.