'खूप' म्हणजे किती?
(रस्त्यावरील रहदारीच्या मोजमापाविषयी थोडेसे)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रहदारीच्या गणितावर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. हा विषय अभियांत्रिकीचा. मी त्याच्या वाटेला गेले त्याला एक कारण घडले, ते आधी सांगते.

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर पेरू आणि बोरे विकणाऱ्या मावशी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात रस्ता ओलांडताना त्यांना मोटारसायकलचा धक्का बसला आणि पाय मोडला. त्या बऱ्या होऊन पुन्हा टोपली घेऊन बसू लागल्या, पण चालणे मंदावले ते मंदावलेच. आम्ही काही जणींनी अर्ज लिहिला, त्यावर सह्या गोळा केल्या आणि संबंधित कार्यालयात गेलो. "फाटकासमोर खूप रहदारी असते," असे अर्जात लिहिले होते. तेथील साहेबांनी तो वाचला आणि शांतपणे विचारले, "खूप म्हणजे किती?"

आमच्यापैकी एकीलाही उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा राग आला खरा. परंतु घरी येताना वाटले, प्रश्न योग्यच होता. मग भूगोलाच्या आणि संख्याशास्त्राच्या सरांना विचारून, ग्रंथालयातील पुस्तके चाळून जे समजले, ते या लेखात मांडत आहे.

रहदारीची मूळ मापे तीन : प्रवाह, वेग आणि घनता.

प्रवाह म्हणजे रस्त्यावरील एका ठरावीक जागेवरून एका तासात जाणारी वाहने. हे माप सर्वांत सोपे. वही घ्यावी, विजेच्या खांबाजवळ उभे राहावे आणि खांबासमोरून वाहन गेले की एक रेघ मारावी. मी सकाळी साडेदहा ते साडेअकरा उभी राहिले. चार पावतासांत अनुक्रमे १८०, ३००, २४० आणि १८० वाहने गेली. एकूण ९००. पण एवढ्यावर थांबले तर फसगत होते. दुसऱ्या पावतासात, म्हणजे नेमके तास सुरू होण्याच्या वेळी, ३०० वाहने गेली. तोच ओघ तासभर टिकला असता तर आकडा १२०० झाला असता. ९०० ला १२०० ने भागले की ०.७५ येतात. हा भागाकार १ च्या जितका जवळ, तितकी रहदारी सारखी वाहणारी. जितका कमी, तितकी ती लोंढ्याने येणारी. रस्ता ओलांडणाऱ्याला तासाच्या सरासरीशी कर्तव्य नसते, त्याची गाठ लोंढ्याशी असते.

येथे दुसरी अडचण उभी राहते. सायकल एक आणि एस.टी.ही एकच धरायची काय? त्यासाठी मोटारगाडी हे एकक मानतात आणि इतर वाहने तिच्या पटीत मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण रस्त्यांसाठी जी मार्गदर्शक मूल्ये दिली, त्यांत मोटारसायकल किंवा सायकल अर्धी, बस किंवा ट्रक ३ आणि बैलगाडी ८ धरली आहे. साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागली की रस्ता का तुंबतो, हे या एका आकड्यावरून कळते. गाडीने व्यापलेली जागा तर त्यात येतेच. शिवाय मागून येणाऱ्या वेगवान वाहनांना ती जो खोळंबा करते, तोही त्यात धरलेला असतो.

दुसरे माप वेगाचे. वेगाची सरासरी काढणे शाळेतच शिकलो, असे मला वाटत होते. समजा, १०० मीटरच्या टप्प्यात एक वाहन ताशी ६० किलोमीटरने गेले आणि दुसरे २० ने. सरासरी ४०, असे आपण चटकन म्हणू. आता वेळ पाहू. पहिल्याला ६ सेकंद लागले, दुसऱ्याला १८. दोघांनी मिळून २०० मीटर अंतर २४ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी ३० किलोमीटर! दोन्ही सरासऱ्या बरोबर आहेत. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एका जागी उभे राहून मोजले तर ४०, रस्त्याच्या संपूर्ण टप्प्याचा विचार केला तर ३०. हा भेद वॉर्डरॉप या इंग्रज अभ्यासकाने १९५२ साली नीट मांडला. प्रवाहाच्या गणितात दुसरी सरासरी घ्यावी लागते.

तिसरे माप घनतेचे. एखाद्या क्षणी एक किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर असलेली वाहने म्हणजे घनता. ती खांबाजवळ उभे राहून मोजता येत नाही. उंचावरून छायाचित्र घ्यावे लागते. परंतु या तिघांचे एक साधे नाते आहे :

प्रवाह = घनता × वेग

ते पटवून घेणे अवघड नाही. वाहने ताशी ३० किलोमीटरने येत असतील, तर तासाभरात माझ्यासमोरून जाणारे शेवटचे वाहन आत्ता ३० किलोमीटर मागे आहे. दर किलोमीटरला ४० वाहने असतील, तर ३० × ४० = १२०० वाहने माझ्यासमोरून जातील. दोन मापे हाती आली की तिसरे आपोआप मिळते.

आता खरी गंमत पाहा. ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने १९३० नंतरच्या दशकात रस्त्यावरील वाहनांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून हिशेब मांडला. गर्दी वाढते तसा वेग एकसारख्या प्रमाणात घटतो, असे त्याने मानले. सोयीसाठी असा रस्ता कल्पू की तो मोकळा असताना वेग ताशी ६० किलोमीटर असतो आणि किलोमीटरला १२० वाहने झाली की सारे ठप्प होते. मग :

घनता ३०, वेग ४५ : प्रवाह १३५०
घनता ६०, वेग ३० : प्रवाह १८००
घनता ९०, वेग १५ : प्रवाह १३५०
घनता १२०, वेग ० : प्रवाह ०

पुढे हा नियम फारच सरळ असल्याचे दिसून आले आणि त्यात सुधारणा झाल्या. तरी त्याचे मर्म टिकले आहे. रस्त्याची क्षमता मधल्या कुठल्यातरी घनतेला असते. प्रवाह १३५० आहे एवढेच सांगितले, तर रहदारी सुरळीत आहे की रखडते आहे, हे कळत नाही. मध्यरात्री रस्ता ओस असतो तेव्हाही माझ्या वहीत शून्य पडेल, आणि संध्याकाळी सारे एकमेकांत अडकून हलेनासे झाले तरी शून्यच पडेल! एकट्या आकड्यावर विसंबू नये, हा धडा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही गिरवण्याजोगा आहे.

आणि कोंडीला दर वेळी अपघात किंवा खड्डा लागतोच असे नाही. जपानमधील संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. वाटेत कसलाही अडथळा नव्हता. तरी थोड्याच वेळात एकाचा वेग किंचित कमी, मागच्याचा आणखी कमी, असे होत कोंडी तयार झाली आणि मोटारी पुढे जात असताना ती कोंडी लाटेसारखी मागे सरकू लागली. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला.

आता पुन्हा मावशींकडे वळू. ताशी १२०० चा ओघ असेल, तर दोन वाहनांमध्ये सरासरी ३ सेकंद मिळतात. रस्ता ७ मीटर रुंद आहे. मी घड्याळ लावून पाहिले : मावशींना तो ओलांडायला १० सेकंद लागतात. सरासरीवर त्या कधीच पलीकडे जाणार नाहीत. पण वाहने ठरावीक अंतराने येत नाहीत. ती कशीही येतात असे धरले, तर संख्याशास्त्राच्या नियमाने १०० पैकी ३ ते ४ फटी १० सेकंदांहून मोठ्या निघतात. गर्दीच्या त्या पावतासात अशी संधी सुमारे ११ वेळा येते. म्हणजे सव्वा-दीड मिनिटातून एकदा, आणि ती नेमकी ओळखता आली तर!

आमच्या अर्जात गतिरोधक मागितला होता. त्याने धक्क्याचा जोर कमी होईल, हे मोलाचेच आहे. पण वाहने तेवढीच राहणार. वेग घटला की घनता वाढेल, दोन वाहनांमधील सरासरी वेळ मात्र ३ सेकंदच राहील. ओलांडण्याच्या फटी त्याने वाढत नाहीत.

याउलट, तेथे रस्ता थोडा रुंद करून मधोमध उभे राहण्यापुरता कट्टा बांधला तर? दोन्ही दिशांनी निम्मी निम्मी रहदारी धरली, तर एका वेळी ६०० चाच प्रवाह आणि साडेतीन मीटरच अंतर. सरासरी फट ६ सेकंदांची, मावशींना लागणार ५ सेकंद. हिशेब केला तर १०० पैकी सुमारे ४३ फटी पुरेशा ठरतात. वाहने तीच, मावशींची चालही तीच. पण ४ च्या जागी ४३! हे उत्तर आले तेव्हा मी आकडेमोड तीनदा तपासून पाहिली आणि मग सरांना दाखवली.

आम्ही नवा अर्ज केला आहे. त्यात 'खूप' हा शब्द नाही. चार पावतासांचा तक्ता आहे, फटींचा हिशेब आहे आणि मधल्या कट्ट्याची मागणी आहे. साहेबांनी तो उभ्याने वाचायला घेतला आणि खुर्चीत बसून पुरा केला. उत्तर अद्याप यायचे आहे. तोवर साडेदहाच्या सुमारास फाटकाशी असाल, तर मावशींच्या टोपलीला एक हात लावा आणि त्यांच्या चालीने रस्ता ओलांडून पाहा. १० सेकंद किती लांब असतात, ते वहीतल्या आकड्यांपेक्षा तेथे अधिक चांगले कळते.