लव्हाळा : त्याची वस्ती व बंदोबस्त

लव्हाळा शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. पुष्कळ ठिकाणी त्यास नागरमोथा म्हणतात; शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस. तो गवतासारखा दिसत असला तरी गवताच्या कुळातील नव्हे. गवताची काडी बहुधा गोल व पोकळ असते. लव्हाळ्याची तिधारी व भरीव असते. काडी बोटांत फिरवून पाहिल्यास हा फरक तत्काळ कळतो.

ओढ्यांचे काठ, पाटांच्या कडा, शेताचे बांध व पडीक जमिनी येथे तो आपोआप वाढतो आणि तेथूनच शेतात शिरतो. ऊन व ओल त्यास मानवते; दाट सावली मानवत नाही.

त्याचे खरे बळ जमिनीखाली असते. तारेसारख्या बारीक खोडांनी जोडलेल्या काळसर गाठींची माळ मातीत पसरते. बहुतेक गाठी वरच्या १५ सें.मी. थरात असतात. माळ अखंड असेतो त्यांतील पुष्कळ गाठी निद्रिस्त राहतात. ती तुटताच त्यांनाही कोंब फुटतात. म्हणूनच पावसाळ्यात ओल्या रानात कुळव फिरविल्याने लव्हाळा कमी न होता सर्वत्र पसरतो. खुरप्याने नुसता शेंडा कापल्यास गाठ जिवंत राहते व पुन्हा पाने येतात. दरवर्षी खुरपणीची मजुरी देऊनही तण हटत नाही, त्याचे कारण हेच होय.

बंदोबस्तासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. रब्बीचे पीक निघताच खोल नांगरट करून ढेकळे चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू द्यावीत. वर आलेल्या गाठी वाळून मरतात.

२. कुळवणीत निघालेल्या गाठी वेचून वाळवाव्यात व जाळाव्यात. उकिरड्यात टाकू नयेत; शेणखताबरोबर त्या पुन्हा शेतात येतात.

३. पावसाळ्यात ताग किंवा चवळीसारखे दाट वाढणारे पीक घ्यावे. सावलीने लव्हाळा दुबळा होतो.

४. उगवल्यापासून काही आठवड्यांतच नव्या गाठी धरू लागतात. त्यापूर्वीच रोपे गाठीसह खणून काढावीत.

५. बांध व पाटांच्या कडाही स्वच्छ ठेवाव्यात.

एका उन्हाळ्यात लव्हाळा नाहीसा होत नाही. हा क्रम लागोपाठ काही वर्षे चालवावा लागतो. पाट अनेकांच्या शेतांतून जातो, म्हणून एकट्याने केलेले श्रम वाया जाण्याचा संभव असतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका पाटावरील सर्व शेतकऱ्यांस एकत्र आणून हे काम एकाच उन्हाळ्यात सुरू करवावे.